दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ: डाउनलोडच्या लिंकमधलं भोक शोधायचं कसं, बुजवायचं कसं

२०११ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी साताऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत पीएचपी लिहायचे. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका पतसंस्थेने सुरक्षा तपासायला पुण्याहून एक सर बोलावले होते. सभासदाला घरबसल्या ठेवपावती उतरवून घेता यावी म्हणून मी एक पान केलं होतं. लिंकच्या शेवटी ‘फाईल=पावती-३४७.पीडीएफ’ असं यायचं. माझा कोड ते नाव उचलायचा, त्याच्यापुढे पावत्यांच्या फोल्डरचा पत्ता चिकटवायचा आणि फाईल पाठवून मोकळा व्हायचा. चार ओळींचं काम, आणि त्या चार ओळींचा मला अभिमानच होता.

सरांनी पावतीचं नाव खोडलं, तिथे ‘../कॉन्फिग.पीएचपी’ लिहिलं आणि एंटर दाबलं. एक फाईल उतरली. पीडीएफ म्हणून ती उघडेना, म्हणून त्यांनी ती नोटपॅडमध्ये ओढली. पहिल्या सहा ओळींतच डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड. पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि पुढे १२३. सर काही बोलले नाहीत, चहाचा कप उचलून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या दुपारी मी ते भोक तीनदा बुजवलं आणि त्यांनी ते तीनदा उघडून दाखवलं. पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं त्या दुपारीच शिकले, बाकीचं नंतर पंधरा वर्षं इतरांचा कोड तपासताना.

(खाली फोल्डरांची आणि फाईलींची नावं मराठीतच लिहिते, वाचायला बरं पडतं. टिंबं, रेघा आणि टक्क्याच्या खुणा मात्र जशाच्या तशा.)

आधी नेमकं काय घडतं ते बघू. कोडमध्ये मूळ फोल्डर ठरलेला असतो, समजा ‘/डेटा/संस्था/पावत्या/’. त्याला वापरणाऱ्याने दिलेलं नाव जोडलं की झाला ‘/डेटा/संस्था/पावत्या/../कॉन्फिग.पीएचपी’. ही नुसती अक्षरांची माळ. तिचा अर्थ लावते ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिच्या भाषेत दोन टिंबं म्हणजे ‘एक पायरी मागे जा’. पावत्यांच्या फोल्डरात शिरायचं, लगेच मागे यायचं, आणि तिथली कॉन्फिग उचलायची. ऑपरेटिंग सिस्टीमने काहीच चूक केली नाही, तिने सांगितलेला पत्ता गाठला. चूक माझी, कारण पत्त्यातला शेवटचा भाग मी परक्या माणसाला लिहू दिला आणि त्यात तो फक्त घर नंबर लिहील असं धरून चालले.

हल्ला करणाऱ्याला किती पायऱ्या मागे जायचं हे मोजत बसावंही लागत नाही. लिनक्सवर सगळ्यात वरच्या मुळाच्या मागे जायला गेलात तर मुळातच राहता. त्यामुळे तो बिनधास्त दहा-बारा वेळा ‘../’ लिहितो आणि पुढे ‘ईटीसी/पासडब्ल्यूडी’ जोडतो. सगळ्या उदाहरणांत हीच फाईल का दिसते? तिच्यात पासवर्ड असतात म्हणून नव्हे. ते केव्हाच ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या, कुलूपबंद फाईलमध्ये गेले. ही फाईल लिनक्सच्या जवळपास प्रत्येक मशीनवर असते आणि ती कुणालाही वाचता येते, म्हणून दार उघडं आहे की नाही ते पाहायला बरी पडते, इतकंच. खरा माल दुसरीकडे असतो: कॉन्फिग, ‘.एन्व्ह’ (ॲपचे पासवर्ड ठेवायची फाईल), खासगी किल्ल्या, बॅकअपच्या झिपा.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने मला मध्यंतरी विचारलं, “पण ताई, फाईल वाचताच येते ना नुसती? लिहिता कुठे येतेय?” त्याला मी फोर्टिनेट कंपनीच्या व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सोयीची, गोष्ट सांगितली. सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत २०१८ च्या क्रमांकाने नोंदलेलं त्यातलं भोक असंच होतं, दोन टिंबांचं, नुसतं वाचण्याचं. पण लॉगिन न करता वाचता येणारी ती फाईल सेशनची, म्हणजे चालू लॉगिनच्या नोंदींची होती आणि तिच्यात युजरची नावं आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत होते. दुरुस्ती २०१९ मध्ये आली, लावायची मात्र अनेकांनी टाळली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ८७ हजार उपकरणांचे लॉगिन तपशील कुणीतरी इंटरनेटवर मोकळे टाकले. नुसतं वाचून एवढं.

आता स्वतःच्या कोडमध्ये हे कुठे शोधायचं. उलट्या दिशेने शोधा. ‘कुठून कुठून इनपुट येतं’ हे धरून निघालात तर हरवाल, कारण इनपुट सगळीकडूनच येतं. त्यापेक्षा फाईल जिथे उघडली जाते ती जागा धरा आणि तिथून मागे मागे चालत जा. पीएचपीत एफ-ओपन, रीड-फाईल, फाईल-गेट-कंटेंट्स आणि इन्क्लूड. जावात फाईल-इनपुट-स्ट्रीम, पाथ्स-गेट. नोडमध्ये एफएस-रीड-फाईल आणि सेंड-फाईल. पायथनमध्ये साधं ओपन. हे शब्द अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: हे नाव शेवटी आलं कुठून?

लिंकमधून आलं असेल तर लगेच दिसतं. लपलेली ठिकाणं वेगळी असतात. भाषा बदलण्याचं बटण घ्या: ‘भाषा=मराठी’ आलं की कोड ‘भाषांतरं/मराठी.पीएचपी’ इन्क्लूड करतो, म्हणजे आत ओढून चालवतो. कुकीत ठेवलेलं थीमचं नाव. अपलोड केलेल्या फाईलचं मूळ नाव, तेही ब्राउझर पाठवतो, म्हणजे पाठवणारा काहीही पाठवू शकतो. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे डेटाबेस. मागच्या वर्षी एका प्रोजेक्टमध्ये सभासदाच्या युजरनेमवरून त्याचा फोल्डर ठरत होता. डाउनलोडच्या पानावर सगळं चोख, नाव डेटाबेसमधून येत होतं म्हणून कुणी शंका घेतली नाही. पण नोंदणीच्या पानावर युजरनेम म्हणून ‘../प्रशासक’ चालत होतं. डेटाबेसमध्ये गेल्याने घाण धुतली जात नाही, ती फक्त मुरते.

कोड वाचून झाला की चाचणी. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे फक्त स्वतःच्या सिस्टीमवर, किंवा मालकाची लेखी परवानगी असेल तिथेच. ‘सहज बघितलं, मदत म्हणून कळवलं’ हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात आपोआप माफ होत नाही. कलम ४३ परवानगीशिवाय शिरण्याबद्दल आहे आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे सिद्ध करत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

स्वतःच्या सर्व्हरवरसुद्धा मी पासडब्ल्यूडी मागत नाही. पावत्यांच्या फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर, मी स्वतः ‘ओळख.टीएक्सटी’ नावाची एक छोटी फाईल ठेवते. आत एकच ओळ: ‘इथे यायचं नव्हतं’. दुसरी तशीच फाईल शेजारच्या, जवळपास त्याच नावाच्या फोल्डरात. चाचणीत ही ओळ परत आली की भोक आहे, आणि लॉगमध्ये कुणाची खरी माहितीही सांडत नाही.

चाचणीत नवखे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत, प्रश्नचिन्हाच्या आधी ‘/पावत्या/../../ओळख.टीएक्सटी’ लिहिलं की ब्राउझर ती टिंबं स्वतःच सोडवून टाकतो आणि सर्व्हरला सरळ पत्ता पाठवतो. सर्व्हरपर्यंत टिंबं पोचलीच नाहीत, आणि आपण निष्कर्ष काढतो की सगळं सुरक्षित आहे. कर्ल हे कमांड लिहून लिंक मागवायचं साधनसुद्धा तेच करतं. त्याला ‘पाथ-ॲज-इज’ हा पर्याय द्यावा लागतो, मग ते जसंच्या तसं पाठवतं. प्रश्नचिन्हानंतरच्या भागाला मात्र कुणी हात लावत नाही, तो तसाच जातो. म्हणून माझी २०११ ची लिंक साध्या ब्राउझरनेच फुटली.

पाठवायचं काय? सुरुवात साध्या ‘../’ ने. मग विंडोजवर चालणारा सर्व्हर असेल तर उलटी रेघ, ‘..\’. मग टिंब किंवा रेघ टक्क्याच्या भाषेत, म्हणजे अक्षराऐवजी टक्क्याची खूण आणि त्याचा सांकेतिक क्रमांक: टिंबाऐवजी ‘%२ई’. मग तेच दुहेरी, टक्क्यालाही टक्क्याच्या भाषेत बसवून ‘%२५२ई’. मग मुळापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता, ‘/डेटा/संस्था/ओळख.टीएक्सटी’. आणि ‘....//’. हा शेवटचा प्रकार विचित्र दिसतो, पण त्याच्यावर मी एक पूर्ण तास घालवला आहे, त्याची गोष्ट येतेच. उत्तरं वाचताना फक्त फाईल आली का एवढंच बघू नका. अस्तित्वात असलेल्या फाईलला ४०३ (परवानगी नाही) आणि नसलेल्या फाईलला ४०४ (सापडलं नाही) येत असेल, तर फाईल न देताही तुमचा सर्व्हर फोल्डरात काय काय आहे ते सांगतोय.

त्या दुपारकडे परत येते. सर खिडकीशी असतानाच मी पहिली डागडुजी केली: नाव कुठलंही येवो, शेवटी ‘.पीडीएफ’ मीच जोडणार. आता कॉन्फिग मागितली तर ‘कॉन्फिग.पीएचपी.पीडीएफ’ शोधली जाईल आणि ती नाहीच. सर परत आले, नावाच्या शेवटी ‘%००’ जोडलं आणि कॉन्फिग पुन्हा उतरली. शून्य मूल्याचं ते अक्षर सीमध्ये लिहिलेल्या आतल्या कोडला ‘इथे नाव संपलं’ असं सांगायचं, त्यामुळे माझं ‘.पीडीएफ’ वाचलंच जात नव्हतं. पीएचपीने हे ५.३.४ मध्ये, म्हणजे २०१० च्या शेवटी दुरुस्त केलं होतं. आमचा सर्व्हर अर्थातच त्याहून जुना होता. आज हा प्रकार क्वचित सापडतो, पण शेवटी एक्स्टेन्शन चिकटवणं हा उपाय तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. बाहेरच्या पीडीएफ तर तशाही उघड्याच राहतात.

दुसरी डागडुजी: नावात ‘../’ दिसलं की काढून टाकायचं. सरांनी ‘....//’ लिहिलं. कागदावर करून बघा. चार टिंबं, दोन रेघा. मधलं ‘../’ उचललं की डावीकडची दोन टिंबं आणि उजवीकडची एक रेघ एकमेकांजवळ सरकतात, आणि उरतं काय? ‘../’. माझ्याच फिल्टरने हल्ला तयार करून दिला. मग मी ते लूपमध्ये घातलं, मग टक्क्याचे प्रकार जोडले, मग उलट्या रेघा. तासाभराने तिथे चौदा ओळी झाल्या होत्या. आजार म्हशीला आणि इलाज पखालीला, असं चाललं होतं. घाण अक्षरांची यादी कधी पुरी होत नाही, कारण तीच जागा गाठायच्या वाटा किती आहेत हे तुम्हाला माहीत नसतं. ते फक्त ऑपरेटिंग सिस्टीमला माहीत असतं.

म्हणून तिलाच विचारायचं. तिसऱ्या डागडुजीत सरांनी मला पीएचपीचं रिअल-पाथ दाखवलं. त्याला वाकडातिकडा पत्ता दिला की ते सगळी टिंबं आणि शॉर्टकट सोडवून खरा, सरळ पत्ता हातात देतं. मग बघायचं की हा खरा पत्ता आपल्या फोल्डरपासून सुरू होतो का. मी लिहिलं: पत्त्याची सुरुवात ‘/डेटा/संस्था/पावत्या’ अशी असेल तर फाईल द्या. सरांनी मागितलं ‘../पावत्या-जुन्या/पावती-१२.पीडीएफ’. खरा पत्ता झाला ‘/डेटा/संस्था/पावत्या-जुन्या/पावती-१२.पीडीएफ’. सुरुवात तपासली? बरोबर, ‘/डेटा/संस्था/पावत्या’ नेच होते. जुन्या सभासदाची पावती उतरली. माझ्या तपासणीत शेवटची एक रेघ नव्हती. ‘पावत्या/’ लिहायला हवं होतं. शेजारच्या फोल्डरात ओळख-फाईल ठेवायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

एवढं झाल्यावर करायचं काय, ते माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगते. वरचं जमत असेल तर खालच्याकडे वळूच नका.

सगळ्यात उत्तम म्हणजे नाव घेऊच नका. लिंकमध्ये फाईलचं नाव कशाला हवं? पावतीचा क्रमांक घ्या, तो पूर्णांकच आहे याची खात्री करा, डेटाबेसमध्ये शोधा, फाईल कुठे आहे ते डेटाबेस सांगेल. वापरणाऱ्याने लिहिलेलं एकही अक्षर पत्त्यात जात नाही. पण इथे एक दुसरा खड्डा आहे आणि घाईत लोक त्यात पडतात: ३४७ च्या जागी ३४८ लिहिलं तर? ती दुसऱ्याची पावती. शोधताना क्रमांकाबरोबर लॉगिन केलेल्या सभासदाचा आयडीही घाला, दोन्ही जुळले तरच फाईल. नाहीतर एक भोक बुजवून शेजारी दुसरं पाडलंत.

भाषा किंवा थीमसारख्या ठिकाणी पर्याय मोजकेच असतात. तिथे कोडमध्येच एक छोटी यादी ठेवा, ‘मराठी’ आलं की ही फाईल, ‘कोंकणी’ आलं की ती, बाकी काहीही आलं तर मराठी. पाच ओळी लागतात आणि विषय संपतो.

अपलोडचं नाव हा आपल्याकडचा खास प्रश्न. लोक ‘सातबारा उतारा (सही केलेला).पीडीएफ’ अशा नावाच्या फाईली चढवतात. सुरक्षिततेच्या नावाखाली बरेच जण फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे चालतील असा नियम लावतात आणि गावाकडच्या माणसाला ‘अवैध नाव’ असा लाल संदेश मिळतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. काही जण उदार होऊन ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ असा रेजेक्स, म्हणजे अक्षरं तपासणारा साचा लावतात. पण पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये काना-मात्रा त्या गटात मोडत नाहीत, आणि जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये तर तो गट मुळात इंग्रजीपुरताच असतो. पायथनमध्ये ‘सातबारा’चं होतं ‘सतबर’. यातून सुटायचा सरळ मार्ग: डिस्कवर फाईल ठेवताना तुम्ही स्वतः बनवलेलं यादृच्छिक नाव द्या, आणि माणसाने दिलेलं मूळ नाव डेटाबेसमध्ये दाखवण्यापुरतं जपा. परत देताना ते हेडरमधून, म्हणजे फाईलच्या आधी जाणाऱ्या माहितीतून पाठवता येतं, मराठी नावासाठी त्यातलं ‘फाईलनेम*’ हे युटीएफ-८ मधलं तारांकित रूप वापरा, आजचे ब्राउझर ते नीट ओळखतात. पत्त्यातलं फक्त शेवटचं नाव काढून देणाऱ्या एकट्या ‘बेसनेम’वर मात्र भिस्त ठेवू नका. पीएचपीची बेसनेम लिनक्सवर उलट्या रेघेला वेगळं करणारी खूण मानत नाही, आणि ती फाईल पुढे विंडोजच्या मशीनवर गेली की रेघ जिवंत होते.

आणि नाव घेण्याला पर्यायच नसेल, समजा फाईल-मॅनेजर बनवताय, तर मग तिसऱ्या डागडुजीचं शहाणं रूप. क्रम चुकवू नका: आधी जोडा, मग सोडवा, मग तुलना करा, आणि उघडताना तोच सोडवलेला पत्ता वापरा. मी असा कोड पाहिला आहे ज्यात सोडवलेला पत्ता तपासला होता आणि उघडला होता मूळचा, वाकडा.

भाषेगणिक काही खाचखळगे. पायथनमध्ये ओएस-पाथ-जॉइनला दुसरा भाग मुळापासून सुरू होणारा दिला, तर ते पहिला भाग मुकाट्याने फेकून देतं. तुमचा मूळ फोल्डर गायब, दोन टिंबांची गरजच नाही. पाथलिबने रिझॉल्व्ह करा आणि ‘इज-रिलेटिव्ह-टू’ विचारा, ३.९ पासून ते आहे. जावात स्ट्रिंगच्या ‘स्टार्ट्स-विथ’ने तुलना केली तर माझ्यासारखे पावत्या-जुन्यात पडाल. पाथ या प्रकाराचं ‘स्टार्ट्स-विथ’ फोल्डर-फोल्डर धरून तुलना करतं, ते वापरा. शिवाय जावाचं नॉर्मलाइझ फक्त टिंबं सोडवतं, शॉर्टकट म्हणजे सिमलिंक सोडवत नाही, त्यासाठी टू-रिअल-पाथ. पीएचपीचं रिअल-पाथ फाईल नसेल तर ‘खोटं’ परत देतं, ते आधी तपासा. नवीन फाईल लिहायची असेल तर ती अजून नाहीच, म्हणून तिच्या फोल्डरचा खरा पत्ता काढा आणि नाव तुम्ही जोडा. पायथनच्या फ्लास्कमध्ये सेंड-फ्रॉम-डिरेक्टरी आणि नोडच्या एक्स्प्रेसच्या सेंड-फाईलमध्ये ‘रूट’ हा पर्याय आहे, ही कामं ते करून देतात. स्वतः लिहिण्याची हौस नको. गो भाषा वापरणाऱ्यांची चैन आहे: १.२४ मध्ये ओएस-रूट आलं, एक फोल्डर उघडायचा आणि त्याच्या बाहेर जाणारी कुठलीही वाट ते नाकारतं. तपासणी आणि उघडणं यांच्यामधल्या क्षणात कुणी सिमलिंक बदलली तर काय, ही शंकाही त्यात मिटते.

टक्क्याची भाषा किती वेळा सोडवायची? एकदाच, आणि तपासणीच्या आधी. बहुतेक फ्रेमवर्क ती तुमच्या हातात येण्यापूर्वीच सोडवतात, तुम्ही पुन्हा ‘यूआरएल-डिकोड’ मारलात की ‘%२५२ई’ जिवंत झाला. ही चूक फक्त आपणच करतो असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये २००० साली रेघेचं युनिकोडमधलं एक बेकायदेशीर, लांबवलेलं रूप चालायचं: आधी तपासणी व्हायची, मग ते रूप सोडवलं जायचं, आणि रेघ मागाहून प्रकट व्हायची. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००० मध्ये इशारा काढून दुरुस्ती लावायला सांगितलं. जवळजवळ वर्षानंतर, सप्टेंबर २००१ मध्ये निमडा हा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला तेव्हा त्याच्या शिरायच्या वाटांपैकी ही एक होती.

आणि वीस वर्षांनी अपाचे हा वेब सर्व्हर. २.४.४९ मध्ये त्यांनी पत्ता सरळ करण्याचा कोड नव्याने लिहिला आणि ‘.%२ई/’ त्यातून निसटलं, पहिलं टिंब साधं, दुसरं टक्क्यातलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये २.४.५० आली. तिच्यात ‘%%३२%६५’ निसटलं, जे दोनदा सोडवलं की टिंब होतं. तीन दिवसांत २.४.५१ काढावी लागली. सीजीआय, म्हणजे सर्व्हरला प्रोग्रॅम चालवून उत्तर देऊ देणारी सोय, चालू असेल तिथे तर नुसतं वाचणं नव्हे, सर्व्हरवर हुकूम चालवता येत होते. हे लोक वेब सर्व्हर लिहिणारे, आणि तेही दोन झटक्यांत अडकले. त्यामुळे त्या चौदा ओळींची मला आता तेवढी लाज वाटत नाही.

पण अपाचेच्या प्रकरणातला जास्त उपयोगी तपशील दुसराच आहे. ज्यांच्या मांडणीत अख्ख्या डिस्कसाठी ‘सगळ्यांना नकार’ ही ओळ शाबूत होती, त्यांच्याकडे टिंबं निसटूनही फाईल मिळत नव्हती. कोडमागचं हे दुसरं कुंपण तुमच्याकडेही हवं. ॲप ज्या युजरच्या नावाने चालतं त्याला पावत्या वाचण्याइतकाच हक्क द्या. डेटाबेसचा पासवर्ड आणि दिल्या जाणाऱ्या फाईली एकाच झाडाच्या फांद्यांवर ठेवू नका. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर वापरत असाल तर त्याच्या मांडणीत आज एक ओळ बघाच: लोकेशनमध्ये ‘/चित्रे’ लिहिलंय, शेवटी रेघ नाही, आणि खाली एलिअसमध्ये ‘/डेटा/चित्रे/’ असं रेघेसकट आहे का? तसं असेल तर ‘/चित्रे../’ मागितलं की एन्जिनएक्स तुम्हाला एक पायरी वर नेऊन सोडतो. दोन्हीकडे रेघ द्या.

झिपचा विषय तसा वेगळा, पण रोग हाच. झिपच्या आतल्या प्रत्येक फाईलला नाव असतं आणि ते नाव ‘../../कुठेतरी.जेएसपी’ असू शकतं. डोळे झाकून उलगडलीत की फाईल हव्या त्या जागी लिहिली जाते, आणि इथे तर वाचणं नाही, लिहिणं आहे. २०१८ च्या जूनमध्ये स्निक या सुरक्षा कंपनीने झिप-स्लिप या नावाने हे पुढे आणलं तेव्हा कितीतरी लायब्रऱ्यांत ते सापडलं. पायथनची झिपफाईल अशी टिंबं स्वतः गाळते, टारफाईल मात्र गाळत नव्हती, आणि तिच्यातला हा दोष सीव्हीईच्या यादीत २००७ च्या क्रमांकाने नोंदलेला होता. ३.१२ मध्ये फिल्टरची सोय ठळकपणे पुढे आली आणि ३.१४ पासून सुरक्षित फिल्टर न सांगता लागतो. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर उलगडताना फिल्टर म्हणून ‘डेटा’ स्वतः लिहा. उलगडणारा कोड तुमचा स्वतःचा असेल तर प्रत्येक नावाला वरचीच कवायत: जोडा, सोडवा, तुलना करा.

लॉगबद्दल थोडक्यात. आठवड्यातून एकदा ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांच्या नोंदीत, ‘..’, ‘%२ई’ आणि ‘%२५’ शोधा. शेकडो ओळी मिळतील, बहुतेक रोबोंच्या, त्या ४०४ वर आपटून गेलेल्या असतात, सोडून द्या. बघायच्या त्या २००, म्हणजे ‘यशस्वी’, मिळालेल्या, आणि त्यातही पाठवलेले बाइट शून्याहून बरेच जास्त असलेल्या. तशी एक जरी सापडली तर ती फाईल कोणती होती ते आधी काढा आणि तिच्यातले पासवर्ड, किल्ल्या त्याच दिवशी बदला, कोड नंतर दुरुस्त करत बसा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात, तेव्हा ‘आपलं छोटं दुकान आहे’ म्हणून लॉग दर आठवड्याला पुसू नका.

वर सांगितलेले सगळे टिंबांचे प्रकार मी आता एका चाचणी-फाईलमध्ये ठेवले आहेत, नवीन आवृत्ती चढण्याआधी ते आपोआप चालतात. प्रत्येकाला अपेक्षित उत्तर एकच, ४०४, आणि उत्तराचं पान अक्षर न् अक्षर सारखं. गेल्या शुक्रवारी त्या नव्या मुलाने डाउनलोडचं पान नव्याने लिहून दाखवलं. क्रमांक घेतो, मालक तपासतो, डिस्कवरचं नाव यादृच्छिक. मी लॉगिन करून शेजारच्याचा क्रमांक मागितला, ४०४. छान. मग मी विचारलं, यादीत पावतीचं छोटं चित्र दिसतं ते कुठून येतं? तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. ते चित्र देणारं पान वेगळं होतं, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि त्याच्या लिंकच्या शेवटी ‘फाईल=’ होतं. “सोमवारी करतो, ताई,” तो म्हणाला. मी म्हटलं, चहा मागव, आत्ताच बसू.